साठीनंतर पायी नर्मदा परिक्रमा करायची असेल तर

कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरच्या घाटावर मराठी ऐकू येऊ लागते. सांगली, नाशिक, डोंबिवली, नागपूर, कुठून कुठून माणसं आलेली असतात. त्यातली बरीचशी नुकती निवृत्त झालेली, मुलंबाळं मार्गी लागलेली, आणि "आता नाही तर कधी" असं ठरवून खंडव्याची गाडी पकडलेली. बहुतेकांनी परिक्रमेवर भरपूर वाचलेलं, ऐकलेलं असतं. अनुभव, चमत्कार, साधू भेटले, नर्मदामैयाने सांभाळलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. रक्तदाबाची गोळी संपली तर काय, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला कोण देणार, गुडघा बोलायला लागला तर थांबायचं की रेटायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

आधी आकडे, मग संकल्प

अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर २,६०० च्या वर, आणि धरणांच्या फुगवट्यामुळे घ्यावे लागणारे वळसे मोजले तर प्रत्यक्ष चाल ३,००० किलोमीटरच्या पुढे जाते. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि समुद्र येईपर्यंत तिचं पात्र ओलांडायचं नाही, हा मूळ नियम.

आता हिशेब करा. तिशीतला तरुण रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालून चार-साडेचार महिन्यांत परत येतो. तुमचं वय पासष्ट असेल तर रोजचे पंधरा ते अठरा किलोमीटर धरा आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. हे गणित सहा-सात महिन्यांवर जातं. म्हणजे नोव्हेंबरात निघालात तर शेवटचा टप्पा मे महिन्यात, चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात येतो आणि पुढे पाऊस दाराशी उभा असतो.

मग काय करायचं? वेग वाढवायचा, हे सगळ्यात वाईट उत्तर. परंपरेकडे नीट पाहिलं तर उत्तर तिथेच आहे. जुन्या रीतीची परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवसांची. तीत आषाढी ते कार्तिकी असा चातुर्मास एका जागी मुक्काम ठरलेला. म्हणजे थांबणं हा या प्रवासाच्या रचनेचाच भाग आहे, त्यात कमीपणा काही नाही. घाई आपण आणली, रजेच्या अर्जासारखी. तुम्हाला आता रजा मागायची नाही. दोन हंगामांत परिक्रमा करायची, पहिल्या वर्षी जिथे थांबलात तिथूनच पुढच्या कार्तिकात निघायचं, असं आधीच ठरवा. काही कर्मठ मंडळी मधे घरी गेलं की परिक्रमा खंडित झाली म्हणतील. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे चालावं.

संकल्प सोडताना पूजा सांगणाऱ्या गुरुजींना हे स्पष्ट सांगा. संकल्पाचे शब्द तुमचे असतात. "यथाशक्ती, दोन टप्प्यांत, प्रकृती साथ देईल तसं" हे त्यात बसतं.

थांबायचं कधी, ते घरीच लिहून ठेवा

हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. रस्त्यावर माणसाचं डोकं वेगळं चालतं. दोन महिने चाललेला माणूस ताप अंगावर काढतो, कारण "इतकं आलो, आता काय". म्हणून निघण्याच्या आधी, पंख्याखाली बसून, डॉक्टरांशी बोलून अटी लिहा. माझ्या मते त्यात एवढं तरी हवं: छातीत दडपण किंवा चालताना नवीन धाप लागली तर त्याच दिवशी चालणं बंद आणि दवाखाना, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर तेच, दोन दिवसांत न उतरणारा ताप, मधुमेह असेल तर पायावरची न सुकणारी जखम, आणि साखर किती खाली वा वर गेली तर थांबायचं तो डॉक्टरांनी दिलेला आकडा. कागदाची एक प्रत मुलाकडे किंवा मुलीकडे, एक झोळीत.

जोडीने जाणार असाल तर आणखी एक प्रश्न आत्ताच सोडवा. दोघांपैकी एकाला थांबावं लागलं तर दुसऱ्याने पुढे जायचं का? बहुतेक जोडपी यावर बोलतच नाहीत. "अहो, असं अभद्र कशाला बोलायचं?" असं म्हणून विषय मिटतो, आणि मग धर्मशाळेच्या ओसरीवर, एकाचा पाय मुरगळलेला असताना, तोच विषय रडारडीने निघतो. उत्तर काहीही असो, ते आधी ठरलेलं असावं.

शरीर: आठ महिने आधीपासून

कार्तिकात निघायचं तर तयारी फाल्गुनात सुरू करा. पहिलं काम तपासण्या: ईसीजी आणि डॉक्टर म्हणतील तर ताण चाचणी (स्ट्रेस टेस्ट), साखर, मूत्रपिंडाचं काम, डोळे, आणि दात. दातांकडे सगळे दुर्लक्ष करतात. रस्त्यात सगळं सोसतं, दाढ सोसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा.

चालणं हळूहळू वाढवा. आज चार-पाच किलोमीटर सहज होत असतील तर दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ पुरे. पण एका दिवसात पंधरा चालता आले म्हणजे तयारी झाली असं समजू नका. खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी असते. शेवटच्या दोन महिन्यांत सलग तीन दिवस, पाठीवर पूर्ण वजन घेऊन, सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच किलोमीटर चालून बघा. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या उतरण्याचा सराव ठेवा. चढण हृदयाची परीक्षा घेते, उतरण गुडघ्यांची.

दुसरी तयारी कोणी करत नाही, ती जमिनीवरून उठण्याची. वाटेत जेवण मांडी घालून, झोप फरशीवर, शौचालय असलंच तर बहुतेक भारतीय बैठकीचं, नसेल तर शेत. सोफ्यावर आणि कमोडवर वीस वर्षं गेलेल्या माणसाला नदीपेक्षा हेच अवघड जातं. रोज दहा वेळा हात न टेकता, जमत नसेल तर एक हात टेकून, खाली बसून उठा. निघण्याआधी महिनाभर घरातच सतरंजीवर झोपा.

आणि एक रंगीत तालीम करता येते. गुजरातेत रामपुरा ते तिलकवाडा या पट्ट्यात नर्मदा उत्तरेकडे वाहते. तिथली उत्तरवाहिनी परिक्रमा चैत्र महिन्यात होते, साधारण एकवीस किलोमीटरची, एका दिवसाची. मुंबई-पुण्याहून वडोदऱ्याला रेल्वेने जाऊन करता येते. पहाटे अंधारात निघणं, गर्दी, वाळू, ऊन, पायाला येणारे फोड, सगळं एका दिवसात कळतं. सुट्टीच्या दिवशी मात्र जाऊ नका, गर्दी फार असते.

पाय आणि झोळी

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे. निघण्याआधी ते शंभर-सव्वाशे किलोमीटर चाललेले असावेत. नवे बूट घालून संकल्प सोडणारी माणसं पहिल्या आठवड्यातच चपला शोधत फिरतात. अनवाणी चालण्याचं व्रत काही जण घेतात. मधुमेह असेल तर ते घेऊ नका. तळव्याची संवेदना कमी झालेली असली तर काटा रुतलेलाही कळत नाही. रोज मुक्कामी पोचल्यावर पाय धुवून, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करून, उजेडात बघायचे. तळवा दिसत नसेल तर सोबत्याला दाखवायचा किंवा मोबाइलवर फोटो काढून बघायचा. लालसर, चुरचुरणारी जागा दिसली की तिथेच चिकटपट्टी. फोड येईपर्यंत वाट बघू नये.

झोळीचं वजन तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, पाण्यासकट. सहा-सात किलो म्हणजे भरपूर झालं. दोन जोड कपडे, शाल किंवा हलकी झोपायची पिशवी, चटई, प्लास्टिकचा कागद, विजेरी, ताट-पेला, छोटं पातेलं, सुई-दोरा, कपडे वाळवायला दोरी, पॉवर बँक, शिट्टी. आधार कार्ड आणि त्याच्या प्रती. हातात काठी, कुत्र्यांसाठी आणि ओढ्यांसाठी. आणि नर्मदाजलाची कुपी. पहिल्या आठ दिवसांत अर्धी माणसं पोस्टाने सामान घरी पाठवतात. तुम्ही ते आधीच घरी ठेवा.

औषधांचं वेगळं सांगतो. एका वेळी महिन्याची औषधं सोबत, बाकी पुढच्या मोठ्या गावात घरच्यांनी पाठवायची किंवा भेटायला येतील तेव्हा आणायची. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाही. डिंडोरीच्या दुकानात तुमची कंपनी मिळेलच असं नाही. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा: रोज पंधरा किलोमीटर चालताना मात्रा किती असावी, आणि जेवण तीन तास लांबलं तर काय करायचं. खिशात गूळ किंवा साखर कायम ठेवा, झोळीच्या तळाशी नको.

घर बंद करताना

सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यावा लागतो, आणि नेमके तेव्हाच तुम्ही निमाडात, म्हणजे ओंकारेश्वरच्या पुढच्या भागात, असता. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल दाखला, निघतो. ते घरी एकदा करून बघा आणि निघताना तो अॅप फोनमध्ये असू द्या. वय ८० किंवा जास्त असलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. भविष्य निर्वाह निधीचं पेन्शन असेल तर दाखला वर्षात कधीही चालतो आणि वर्षभर टिकतो, तो निघण्याआधीच देऊन टाका.

आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची तारीख बघा. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात, मध्य प्रदेशात आणि गुजरातेतही. बँकेत वारस नोंद, मृत्युपत्र, लॉकरची किल्ली कुठे, सोसायटीचे पैसे कोण भरणार, हे सगळं एका वहीत.

मुलं विरोध करतील. "बाबा, या वयात?" याला आध्यात्मिक उत्तर देऊ नका, त्याने कोणाचं समाधान होत नाही. वही दाखवा, तपासण्यांचे कागद दाखवा, थांबण्याच्या अटी दाखवा. मुलांना भीती तुमच्या चालण्याची नसते. रात्री दोनला अनोळखी भागातून फोन येईल याची असते. संपर्काचा नियमही सांगून ठेवा: रोज मुक्कामी पोचलो की एक निरोप, पण शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे बडवानीच्या पुढच्या सातपुड्यातल्या जंगलात, दोन-तीन दिवस काहीच आलं नाही तरी घाबरायचं नाही, तिथे रेंज नसते.

स्वतःचं स्वतः

परिक्रमेत बऱ्याच ठिकाणी तयार जेवण मिळतं, त्याला भोजनप्रसादी म्हणतात. पण काही ठिकाणी सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची, आणि अंगणात तीन दगड. आयुष्यात गॅसची शेगडीसुद्धा न पेटवलेल्या पुरुषांची इथे पंचाईत होते. बायको सोबत असेल तर तिच्यावर सोपवून मोकळे होतात, म्हणजे ती बिचारी पंधरा किलोमीटर चालून वर स्वयंपाक करते. हे चालायचं नाही. शिकून जा.

टिक्कड, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेली जाड भाकरी, करता आला की पोटाचा प्रश्न मिटतो. दगड चुलीचं तोंड वाऱ्याकडे येईल असे मांडायचे, उलट बाजूला नको, नाहीतर विस्तव धरत नाही. निमाडात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या सहज मिळतात. त्या भरभर पेटतात पण टिकत नाहीत, म्हणून त्यावर एक-दोन गोवऱ्या. आधी डाळ चढवायची, ती शिजेस्तोवर कणीक घट्ट मळायची, मीठ घालून, मिळाला तर ओवा चुरडून. बोटाएवढी जाड भाकरी हातावर थापायची. तव्यावर दोन्ही बाजू करड्या झाल्या की निखाऱ्यांच्या कडेला उभी लावून ठेवायची आणि फिरवत राहायची. घाई केली की वरून काळी, आतून कच्ची. झाली की फडक्याने राख झटकायची. एक टिक्कड दुपारसाठी फडक्यात बांधून ठेवता येतो.

कपडे स्वतः धुवायचे, पण नदीत साबण लावायचा नाही. बादलीत पाणी घेऊन काठापासून दूर. पैसे रोख दोन-तीन हजारांच्या आत ठेवा, तालुक्याच्या गावी एटीएम असतं.

आता एक नाजूक गोष्ट. वाटेत लोक तुम्हाला "बाबाजी", "माताजी" म्हणतील, "कितनी मूर्ती हैं?" असं विचारून तेवढ्या माणसांचा चहा टाकतील, कधी हातावर दहा रुपये ठेवतील. देणाऱ्याचं घर कुडाचं असतं आणि घेणाऱ्याच्या खात्यात दरमहा पेन्शन जमा होत असतं. नाही म्हणालात तर समोरच्याचं मन दुखावतं. मी सांगेन, घ्या, नमस्कार करा आणि मिळालेले पैसे पुढच्या गावात कन्याभोजनाला किंवा शाळेत खर्च करा. चालताना मुलांच्या घोळक्यावर गोळ्या-टॉफ्या उधळणं मात्र टाळा. शूलपाणीत त्यामुळे रस्त्याकडेला हात पसरून उभी राहायची सवय मुलांना लागलीय, आणि ती आपणच लावलीय.

वाट, टप्प्यांनी

ओंकारेश्वरहून निघताना दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन घ्यायचं. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे, तिथे गेलं की पात्र ओलांडलं, म्हणून ते परिक्रमा पुरी झाल्यावर. निघण्याचं पत्र स्थानिक आश्रमातून किंवा नगर परिषदेतून घ्या. पुढे मुक्कामी त्यावर शिक्के मिळतात आणि समुद्र ओलांडणाऱ्या नावेच्या नोंदणीला ओळख लागते.

सुरुवातीची वाट निमाडची, सपाट आणि प्रेमळ. इथे वेग वाढवण्याचा मोह होतो. टाळा. बडवानीजवळच्या राजघाटानंतर शूलपाणीची झाडी लागते. ती मध्य प्रदेशातून आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात आणि पुढे गुजरातेत जाते. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना लुटत, आज तेच भिल्ल बांधव जेवू घालतात. साठीच्या पुढच्यांसाठी अडचण चढ-उतारांची आहे. सातपुड्याच्या घसरड्या पायवाटा, मधे दवाखाना नाही. गुडघे तक्रार करत असतील तर बाहेरून गाडीरस्त्याने जाणारी वाट घ्या, तीही परिक्रमाच. झाडीतून जायचं तर चार-पाच जणांच्या गटात, आणि दिवसाला दहा-बारा किलोमीटर.

समुद्र ओलांडायला कठपोर-विमलेश्वर भागातून नाव निघते आणि पलीकडे मीठी तलाईला पोचते. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, गर्दी असली तर दिवस-दोन दिवस वाट बघावी लागते, आणि नावेत काही तास बसून काढावे लागतात. पाण्याची बाटली, गूळ, डोक्याला फडकं, आणि ज्यांना वारंवार लघवीला जावं लागतं त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोललेलं बरं. हे लिहायला कोणी धजत नाही, पण पासष्टीच्या पुरुषांचा खरा प्रश्न तोच असतो.

उत्तर तटावर नारेश्वर, चांदोद, मग गरुडेश्वर. माणगावच्या टेंबे स्वामींची समाधी गरुडेश्वरी आहे, १९१४ सालची, त्यामुळे मराठी माणसाचा पाय इथे दोन दिवस अडकतोच. अडकू द्या. पुढे महेश्वर, मंडलेश्वर, नेमावर असं चालत राहायचं. दोन हंगामांत करणाऱ्यांनी पहिला टप्पा नेमावरला थांबवावा असं मला वाटतं. नर्मदेचं नाभिस्थान मानतात ते हेच, आणि इथून इंदूर जवळ, घरी परतणं सोपं. पुढचा हंगाम जबलपूर, मंडला, डिंडोरी, अमरकंटक आणि दक्षिण तटाने परत. अमरकंटक हजार मीटरहून उंचावर आहे. डिसेंबर-जानेवारीत पोचत असाल तर शाल पुरत नाही.

रोजचा दिवस असा ठेवा: उजाडताना निघणं, अकराच्या आत मुख्य चाल पूर्ण, दुपारी आडवं होणं, चारनंतर थोडं, आणि सूर्यास्ताआधी आसन लावलेलं, म्हणजे मुक्कामी पथारी टाकलेली. पुढचा आश्रम किती लांब हे तिघांना विचारा. पहिला "बस, दो किलोमीटर" म्हणेल, दुसरा आठ, तिसऱ्याचं खरं असतं. स्नान गावकरी जिथे करतात तिथेच. नदीत मगरी आहेत आणि धरणांच्या खाली पाणी अचानक वाढतं. भोंगा वाजला की कपडे सोडून आधी वर या. तिन्ही राज्यांत रुग्णवाहिकेला १०८ चालतो. तो आणि घरचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून गळ्यातल्या पाकिटात ठेवा, फोन बंद पडतो.

परत आल्यावर

ओंकारेश्वराला जल चढवलं, कढाई (शिऱ्याचा प्रसाद) केली, घरी आलात. आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जा. काही महिने रोज चालल्यावर रक्तदाब आणि साखर बऱ्याचदा खाली आलेली असते, जुनी मात्रा जास्त होऊ शकते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. वजन किती घटलं ते बघा. चालणं एकदम थांबवू नका, पहिला महिना रोज सात-आठ किलोमीटर तरी ठेवा, नाहीतर सांधे आखडतात आणि भूक मात्र वाटेवरचीच राहते. दुसरा हंगाम बाकी असेल तर बूट आत्ताच नवे घ्या, जुन्यांचे तळ गेलेले असतात, आणि पुढच्या कार्तिकापर्यंत ते पायात रुळवायला वेळ मिळतो.